कुत्र्याचं कार्ड मागा आणि त्याला चालायला जागा द्या

आमच्या सोसायटीची गेली एजीएम, म्हणजे वार्षिक सभा, जवळजवळ तीन तास चालली आणि त्यातला निम्म्याहून जास्त वेळ कुत्र्यांवर गेला. टँकरचं बिल, लिफ्टच्या देखभालीचा करार, पोडियमचं म्हणजे पार्किंगच्या वरच्या गच्चीचं गळणं हे सगळं उरलेल्या वेळात उरकलं. मी ठाण्यात घोडबंदर रोडला राहते, कासारवडवलीच्या थोडं अलीकडे, सहा वर्षं कमिटीवर आहे आणि माझ्या घरात जाई नावाची कुत्री आहे, त्यामुळे रात्री अकराला फोन येतात ते दोन्ही पार्ट्यांचे येतात. एक म्हणतात त्या कुत्र्यांना आवरा, दुसरे म्हणतात त्या लोकांना आवरा. त्या दिवशी ठराव असा होता की कुत्र्यांना मेन लिफ्ट बंद, तोंडाला जाळी कंपल्सरी आणि पोडियमवर पाय ठेवायचा नाही. मी ठरावाच्या विरोधात बोलले आणि त्याच रात्री कुत्रेवाल्यांच्या ग्रुपवर त्यांच्याही विरोधात लिहिलं. दोन्हीकडून ऐकावं लागलं. पण हा प्रश्न आमच्या एकट्या सोसायटीचा नाहीये, कोलशेतपासून खारघरपर्यंत जिथे जिथे टॉवर उभे राहिलेत तिथे हेच भांडण चालू आहे, म्हणून मला काय वाटतं ते सविस्तर लिहिते.

ठराव आला कशावरून ते आधी सांगते. बी विंगमध्ये ब्रूनो नावाचा लॅब्रॅडॉर आहे, पाच वर्षांचा, अख्ख्या सोसायटीतल्या पोरांचा लाडका. एका संध्याकाळी नेहमीचाच एक नऊ वर्षांचा मुलगा त्याला मिठी मारायला गेला, कान धरला, आणि ब्रूनो फिरून त्याच्या मनगटाला लागला. रक्त आलं नाही पण दाताचा ओरखडा उठला. मुलाची आई घाबरून रडायला लागली, कोणी म्हणे हळद लावा, कोणी म्हणे काही होत नाही घरचा कुत्रा आहे. मी त्या मुलाला सरळ बाथरूममध्ये नेलं आणि नळाच्या धारेखाली साबण लावून हात धुतला, पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. चावा असो की ओरखडा, पहिली गोष्ट हीच करायची असते आणि ती फुकट आहे. मग प्रश्न आला की ब्रूनोला अँटी-रेबीज दिलंय का. मालक म्हणाले हो हो सगळं झालंय. लसीचं कार्ड कुठाय? कार्ड सापडेना. दोन तास शोधलं, शेवटी जुन्या फाइलमध्ये मिळालं, तर बूस्टरची तारीख उलटून पाच महिने झालेले. मुलाला इंजेक्शनं घ्यावी लागली, दंडावर, पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. त्यात चूक काहीच नाही, डॉक्टरांनी बरोबरच सांगितलं, कारण रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागली की माणूस वाचत नाही, तिथे चान्स घ्यायचाच नसतो.

यातली दुसरी गोष्ट मात्र ठरावात कुठेच आली नाही. तीन दिवसांनी ब्रूनोला डॉक्टरकडे नेलं तेव्हा त्याचा तोच कान आतून सुजलेला निघाला, घाण वास, काळपट चिकट मळ, आतलं कातडं लाल. लॅब्रॅडॉरचे कान लोंबते, आपल्याकडची हवा दमट, त्यातून पावसात भिजलेला कुत्रा वरवर पुसून सोडला की कानात ओल राहते आणि इन्फेक्शन होतं. तो गेले पंधरा दिवस डोकं झटकत होता, सोफ्याला कान घासत होता, घरच्यांना वाटलं खाज असेल. दुखऱ्या कानाला कोणी गच्च धरलं तर माणूससुद्धा हात झटकतो. औषध झालं, दोन आठवड्यात कान बरा झाला, ब्रूनो पुन्हा पहिल्यासारखा. पण ग्रुपवर तोपर्यंत त्याचं नाव 'चावरा' पडलं ते पडलंच.

मी जे म्हणतेय ते याच्यातच आलं. आपण ज्याला कुत्र्याचा स्वभाव म्हणतो त्यात तब्येतीचा आणि सवयीचा भाग केवढा मोठा असतो ते आपण बघतच नाही, आणि ह्या दोन्ही गोष्टी मालकाच्या हातात असतात. म्हणून सोसायटीने कुत्र्याच्या तोंडाला जाळी मागण्यापेक्षा मालकाकडे कार्ड मागावं, दरवर्षी, न चुकता. आणि मालकांनी ते न कुरकुरता द्यावं. त्याच्या बदल्यात सोसायटीने कुत्र्याला चालायला एक कोपरा द्यावा. दोन्ही गोष्टी एकदम. एकच दिली तर भांडण तसंच राहणार.

कुत्रेवाल्यांशी आधी बोलते कारण मी त्यांच्यातलीच आहे. आपल्याकडे कोणी काही बोललं की लगेच अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाचं २०१५ चं सर्क्युलर फॉरवर्ड होतं. बरोबर आहे ते, सोसायटीला बहुमताने सुद्धा कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, लिफ्ट बंद करता येत नाही, जाळीची सक्ती करता येत नाही, असंच त्यात म्हटलंय. पण त्याच सर्क्युलरमध्ये मालकांनाही सांगितलंय की कुत्रा पट्ट्याला धरून ठेवा, घाण केली तर उचला, लस टोचा, शेजाऱ्यांना त्रास होणार नाही हे बघा. ती पानं कोणी फॉरवर्ड करत नाही. २०२३ च्या एबीसी म्हणजे अ‍ॅनिमल बर्थ कंट्रोल नियमांत पाळीव जनावराचं जंताचं औषध, लसीकरण आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी म्हणून स्पष्ट लिहिलीय. आणि नवीन भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे आपल्या ताब्यातल्या जनावराने कोणाला इजा करू नये याची काळजी घेतली नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. महापालिकेत कुत्र्याचं रजिस्ट्रेशन करायचं असतं हे तर निम्म्या लोकांना माहीतच नसतं, आमच्या सोसायटीत चौदा कुत्री आहेत, त्यातली किती रजिस्टर आहेत विचारलं तर तीन हात वर आले. कुत्रा पाळायचा हक्क आहे म्हणजे तो रात्री दोन वाजता भुंकत राहिला तरी खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी ऐकून घ्यायचं असा त्याचा अर्थ होत नाही.

आता जे घाबरतात त्यांच्याबद्दल. त्यांची भीती खोटी नाहीये हो. माझी आई कुत्रा दिसला की अजून रस्ता ओलांडते. लहानपणी गावाला तिला कुत्रा चावला होता आणि तिला पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली होती, रोज एक, बैलगाडीतून तालुक्याला जायचं. ती जुनी लस मेंढीच्या मेंदूपासून बनवायचे, आपल्या देशात ती २००४ च्या सुमारास बंद झाली, पण ज्यांनी ती घेतलीय त्यांच्या अंगात ती भीती बसलीय. अशा बाईला लिफ्टमध्ये 'अहो काही करत नाही तो, फक्त वास घेतो' म्हणणं मला चुकीचं वाटतं. तो काही करणार नाही हे तुम्हाला माहिती आहे, तिला नाही. लिफ्टचं दार उघडल्यावर आत कोणी घाबरलेलं दिसलं तर आपण थांबायचं, पुढच्या लिफ्टने जायचं. एक मिनिट जातं. मी माझ्या कुत्रीला दारापाशी 'बस' म्हटलं की बसायला शिकवलंय, लिफ्टचं दार उघडलं तरी मी सांगेपर्यंत उठत नाही, आणि तेवढ्या एका गोष्टीने आमच्या विंगमधल्या दोन आजी ज्या तिला बघून किंचाळायच्या त्या आता तिच्याबरोबर येतात.

कोणी म्हणेल हे सगळ्यांना कसं जमणार, आमचा फार मस्तीखोर आहे, जातच तशी आहे. आपल्याकडे म्हणच आहे ना, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच. शेपूट राहू दे वाकडं, ते जन्माचं आहे. पण उड्या मारणं, बेल वाजली की बोंबलणं, ताटात तोंड घालणं, पट्टा ओढत मालकाला फरफटवणं ह्यातलं बरंचसं आपणच शिकवलेलं असतं, नकळत. दोन महिन्यांचं पिल्लू अंगावर उडी मारतं तेव्हा घरातले सगळे हसतात, उचलून घेतात, व्हिडिओ काढतात. त्याने काय शिकायचं? उडी मारली की प्रेम मिळतं. दहा महिन्यांनी तेच पिल्लू तीस किलोचं होऊन आजीला पाडतं आणि मग त्याला चप्पल दाखवतात. कुत्र्याच्या बाजूने बघा एकदा, काल जे केलं की बक्षीस होतं त्याच गोष्टीवर आज मार, त्याला काय कळणार. ज्याचं फळ मिळतं ते कुत्रा पुन्हा करतो, ज्याचं काहीच मिळत नाही ते हळूहळू सोडून देतो. उडी मारली की पाठ फिरवायची, चारही पाय जमिनीवर आले की शाबासकी, आणि ती लगेच, दोन सेकंदांच्या आत, कारण नंतर दिलेली ट्रीट कशाबद्दल मिळाली हे त्याला जोडता येत नाही. हे घरातल्या सगळ्यांनी करायचं, बाबांनी शिस्त लावायची आणि दादाने सोफ्यावर घेऊन चिप्स भरवायचे असं चालत नाही.

शू केली त्यात नाक घासायचं, पेपरची गुंडाळी करून मारायचं, हे अजून सर्रास चालतं. त्याने कुत्रा घरात शू करायचं थांबवत नाही, तुमच्यासमोर करायचं थांबवतो, मग पलंगाखाली करतो, पडद्यामागे करतो, आणि खाली फिरायला नेल्यावरही तुमच्यासमोर करायला घाबरतो. लहान पिल्लाला झोपून उठल्यावर, जेवल्यावर, खेळल्यावर दरवेळी एकाच जागी न्यायचं आणि तिथे केली की कौतुक करायचं, बस. महिन्याला तासभर ह्या हिशोबाने धरा, तीन महिन्यांचं पिल्लू साधारण तीन तास धरू शकतं, ऑफिसला नऊ तास गेल्यावर त्याने धरून ठेवावं ही अपेक्षाच चूक आहे.

आणि ते 'मालक कोण आहे ते दाखव त्याला' वालं. आमच्याकडे एक ट्रेनर यायचा तो पिल्लाला उताणं पाडून मानेवर दाबून धरायचा, म्हणे कळपात अल्फा म्हणजे म्होरक्या असतो, आपण अल्फा व्हायचं. ही कल्पना आली पिंजऱ्यात ठेवलेल्या, एकमेकांशी नातं नसलेल्या लांडग्यांच्या जुन्या निरीक्षणातून. डेव्हिड मेक ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९७० मध्ये ती खूप लोकप्रिय केली आणि पुढे जंगलात वर्षानुवर्षं लांडगे बघितल्यावर १९९९ मध्ये त्यांनीच लिहिलं की कळप म्हणजे मुख्यतः आईबाप आणि त्यांची पोरं, तिथे अल्फा वगैरे शब्द बरोबर नाही. ज्याने ती कल्पना पसरवली त्याने परत घेतली आणि आपल्याकडे अजून त्यावर फी घेतली जाते. मारून, दाबून कुत्रा गप्प होतो हे खरं आहे, तेच तर घातक आहे. कुत्रा गुरगुरतो म्हणजे तो सांगतोय की मला हे नकोय, लांब हो. गुरगुरल्याबद्दल मार पडला की तो सांगायचं सोडतो आणि एक दिवस न सांगता चावतो. भुंकणारा कुत्रा चावत नाही ह्या म्हणीवर तर अजिबात विसंबू नका, भुंकणाराही चावतो. त्याच्या आधी तो बरंच काही बोलतो, जीभ ओठावरून फिरवतो, तोंड फिरवतो, डोळ्याचा पांढरा भाग दिसतो, अंग ताठ होतं, शेपूट पोटाखाली जातं. शेपूट हलतंय म्हणजे खूशच आहे असंही नसतं. हे आपल्या मुलांना शाळेत शिकवायला हवं असं मला मनापासून वाटतं, कारण आपल्याकडे मूल कुत्र्याशिवाय वाढूच शकत नाही, घरात नसला तरी गल्लीत असतोच. पळू नकोस, झाडासारखं उभं राहा, हात खाली, डोळ्यात बघू नकोस, एवढं जरी कळलं तरी पुष्कळ.

तब्येतीकडे येते. हे लिहिताना मला त्रास होतो पण लिहिते. जाईच्या आधी आमच्याकडे बंटी होता. आठ दिवस होता. आम्ही तो एका माणसाकडून पैसे देऊन आणला होता, गाडीच्या डिकीतल्या खोक्यातून, म्हणे पंचेचाळीस दिवसांचं आहे, दोन लसी झाल्यात. डॉक्टरांनी दात बघून सांगितलं हे पाच आठवड्यांचं सुद्धा नसेल. सहाव्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, मग रक्ताचे जुलाब, पार्व्हो नावाचा व्हायरसचा आजार. सलाइन लावलं, रात्रभर मांडीवर घेऊन बसलो, आठव्या दिवशी पहाटे गेला. माझा मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता. नंतर कळलं की २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायलाच मनाई आहे, लसीशिवाय विकायला मनाई आहे, आणि आम्ही शिकलेसवरलेले लोक डिकीतून पिल्लू घेऊन आलो होतो. म्हणून सांगते, विकत घ्यायचंच असेल तर आई बघितल्याशिवाय, ब्रीडरचं रजिस्ट्रेशन बघितल्याशिवाय घेऊ नका, आणि शक्यतो विकत घेऊच नका. पार्व्होचा व्हायरस घरात महिनोन्महिने राहतो, नुसत्या फिनेलने जात नाही, ब्लीच लागतं, डॉक्टरांनी आम्हाला वर्षभर दुसरं पिल्लू आणू नका म्हणून सांगितलं होतं. मग जाई आली, मानपाड्याला एका बिल्डिंगच्या पार्किंगमधली, साधी गावठी, ज्याला आता सगळे इंडी म्हणतात.

लसींचं गणित साधं आहे तरी लोक गोंधळ घालतात. सहा ते आठ आठवड्यांपासून पार्व्हो आणि डिस्टेंपर ह्या दोन व्हायरसच्या आजारांची एकत्र लस, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढचे डोस, सोळा आठवडे होईपर्यंत, कारण आईच्या दुधातून आलेलं संरक्षण पहिल्या डोसांना काम करू देत नाही आणि ते नेमकं कधी संपेल सांगता येत नाही. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास अँटी-रेबीज, मग बूस्टर, मग दरवर्षी. पहिला डोस दिला की झालं असं समजून पिल्लू खाली मातीत सोडणारे मी दर महिन्याला बघते. दुसरीकडे डोस पूर्ण होईपर्यंत चार महिने पिल्लू घरात कोंडणारेही आहेत, तेही चुकतं, कारण तीन ते चौदा आठवडे हाच काळ असतो ज्यात पिल्लू जग ओळखतं, ह्या वयात ज्यांनी रिक्षा ऐकली नाही, छत्री बघितली नाही, दाढीवाले काका, काठीवाले आजोबा, सायकलवरची पोरं बघितली नाहीत ती पुढे त्यांच्यावरच भुंकतात. ह्याला उपाय सोपा आहे, कडेवर घ्या आणि फिरा. जाईला आम्ही झोळीत घालून तलावपाळीला नेलं, ठाणे स्टेशनच्या बाहेर उभं केलं, गणपतीच्या ढोलाचा आवाज लांबून ऐकवला, पाय जमिनीला लागू दिले नाहीत. आज दिवाळीत ती पलंगाखाली जाते पण वेडीपिशी होत नाही.

आपल्या पट्ट्यातले दोन आजार मात्र वेगळे सांगायलाच हवेत. एक लेप्टो. पावसात पाणी साचतं, त्यात उंदराचं मूत मिसळतं, कुत्रा त्यातून चालतो, डबक्यातलं चाटतो, आणि लिव्हर-किडनीवर जातं. कुत्र्याकडून ते माणसालाही होऊ शकतं. ह्याची लस बहुतेक मोठ्या कॉम्बो लसीतच असते पण तिचा असर वर्षभराच्या पुढे धरता येत नाही, म्हणून पावसाळ्याच्या आधी, मे महिन्यातच तारीख बघून घ्या. दुसरी गोचीड. लोक अंगावरची गोचीड काढतात आणि घर तसंच ठेवतात. मादी रक्त पिऊन फुगली की खाली पडते आणि भिंतीच्या फटीत, सोफ्याच्या शिवणीत, बाल्कनीच्या कोपऱ्यात हजारोंनी अंडी घालते, म्हणजे कुत्र्यावर दहा दिसल्या तर घरात किती असतील. गोचिडांमुळे होणारा टिक फिव्हर झाला की कुत्रा गळून जातो, खात नाही, हिरड्या पांढऱ्या पडतात, प्लेटलेट उतरतात, कधी नाकातून रक्त येतं. लवकर कळलं तर औषधाने बरा होतो, उशीर झाला तर जातो. एक दिवस नीट खाल्लं नाही तर वाट बघा, दुसऱ्या दिवशी ताप आणि सुस्ती असेल तर सरळ रक्त तपासा. आणि गोचीड रॉकेल टाकून किंवा काडीने जाळून काढू नका, चिमट्याने कातडीला लागून धरून सरळ ओढा.

खाण्याबद्दल थोडक्यात. दूध-पोळी आणि पार्ले-जी हे प्रेम आहे, जेवण नाही. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं, मनुका अजिबात नको, म्हणजे शिऱ्याचा प्रसाद देताना बेदाणे काढून ठेवा, आमटी-भात देताना फोडणीतला कांदा लक्षात घ्या. शिजवलेलं चिकनचं हाड टोकदार फुटतं, तेही नको. उरलंसुरलं ताटातलं घालून घालून गोल केलेला लॅब किंवा बीगल हे काही लाडाचं लक्षण नाही, बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत.

आणि जात निवडताना तरी जरा विचार करा हो. वाशी-नेरुळच्या बाजूला, इथे हिरानंदानीत, हस्की किती दिसतात आजकाल. सैबेरियात बर्फावरून स्लेज ओढायला तयार झालेला कुत्रा, मे महिन्यात पामबीच रोडच्या डांबरावर दुपारी चारला. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो, आणि हवा एवढी दमट असताना तेही नीट होत नाही. पग आणि बुलडॉगचं नाक चपटं, त्यांना तर श्वासच पुरत नाही. हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद रस्त्यावर ठेवून बघा, तुम्हाला चटका बसला तर त्याच्या पंजालाही बसतो. तो हस्की मग चोवीस तास एसीत, दिवसभर एकटा, आणि एनर्जी बाहेर काढायला काही नाही म्हणून सोफा फाडतो, ओरडतो, शेजारी तक्रार करतात, आणि शेवटी कोणीतरी त्याला हायवेला सोडून येतं. मी डोळ्याने बघितलेत असे, गळ्यात पट्ट्याचा वळ असलेले. जनावर असं टाकून देणं १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याला दंड किती तर दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत आज घोडबंदरला दोन वडापाव येतात. हा आकडा बदलायला पाहिजे आणि त्यासाठी आमदार-खासदारांना लिहायला पाहिजे, आपण मात्र सगळी ताकद लिफ्टवर भांडण्यात घालवतो.

पैसे घेऊन कुत्री फिरवणाऱ्या वॉकरबद्दलही बोलते. सकाळी एक मुलगा पाच कुत्री घेऊन जातो, एका हातात मोबाईल, वीस मिनिटांत पाच घरांचा हिशोब. त्याला मी दोष देत नाही, त्याला महिन्याला जे मिळतं त्यात तो दहा घरं करणारच. पण कुत्र्याला फिरणं म्हणजे शी-शू करून वर येणं नव्हे, त्याला वास घ्यायचा असतो, थांबायचं असतं, बघायचं असतं, दिवसभरातलं त्याचं तेवढंच बाहेरचं जग. दिवसातली एक तरी फेरी घरच्याने मारावी. तेवढाही वेळ नसेल तर मी स्पष्ट सांगते, कुत्रा घेऊ नका. प्रेम असलं तरी घेऊ नका. वेळ नसलेल्या घरातला कुत्रा भुंकणारच, आणि त्याची शिक्षा त्यालाच होणार.

येऊरला रविवारी कुत्रा मोकळा सोडणाऱ्यांनाही एक विनंती. तो संजय गांधी नॅशनल पार्कचा भाग आहे, बिबट्याला कुत्रा हे भक्ष्य आहे, ते एक. दुसरं म्हणजे २०१८ मध्ये गीरमध्ये काही आठवड्यांत वीसहून जास्त सिंह गेले आणि त्यात डिस्टेंपरचा व्हायरस सापडला, जो कुत्र्यांमध्येही असतो. तुमच्या कुत्र्याची लस राहिली तर त्याची किंमत जंगलालाही पडू शकते.

आता सोसायटीकडे येते, कारण नुसती मालकांची हजेरी घेऊन भागणार नाही. पोडियम बंद, गार्डन बंद, गेटबाहेर फूटपाथच नाही, सर्व्हिस रोडवर डंपर, मेट्रोचं काम, तिथे कुत्रा न्यायचा कुठे? मग तो पार्किंगच्या खांबाला शू करतो आणि भांडण परत. नवी मुंबईत सिडकोने सेक्टर आखताना निदान मोकळ्या जागा तरी ठेवल्या, ठाण्यात त्याही नाहीत. माणसांना खेळायला जागा नाही आणि कुत्र्यांना कुठून आणायची असं मला एजीएममध्ये विचारलं. प्रश्न योग्य आहे. पण प्रत्येक सोसायटीत जनरेटरच्या मागे, सांडपाणी शुद्ध करणाऱ्या एसटीपीच्या बाजूला पाच बाय दहा मीटरचा एखादा पट्टा पडीक असतोच, तिथे माती टाका, एक डबा ठेवा, एक नळ द्या. कुत्र्याला एकदा जागा ठरली की तो तिथेच जातो, ती त्याला सवयच आहे. खांब वाचतील, टायर वाचतील, वॉचमन काकांची रोजची कटकट वाचेल.

महापालिकेकडूनही मागायला हवं. रात्री कुत्र्याला अचानक काही झालं तर घोडबंदरहून परळला जायचं, माजिवड्याचा ट्रॅफिक पार करत, हे मी केलंय, परळचं बाई साकरबाई हॉस्पिटल आणि त्याच आवारातलं व्हेटर्नरी कॉलेज हाच कित्येक वर्षं सगळ्या मुंबई-ठाण्याचा आधार. २०२४ मध्ये महालक्ष्मीला टाटांचं मोठं हॉस्पिटल झालं, चांगलंच झालं, पण ठाणे आणि नवी मुंबई एवढी मोठी शहरं, इथे चोवीस तास चालणारा पालिकेचा जनावरांचा दवाखाना पाहिजे. कुत्र्यांचं लायसन्स आपण काढलं, फी भरली, आकडा कागदावर आला, तरच ही मागणी जोरात करता येईल. रजिस्टरवर पन्नास कुत्री आणि रस्त्यावर पाच हजार, असं असेल तर बजेट कोण देणार.

त्या एजीएमला ठराव शेवटी तीन महिने पुढे ढकलला गेला. मी एक साधी फाइल केलीय, फ्लॅट नंबर, कुत्र्याचं नाव, लसीची तारीख, बूस्टर कधी, लायसन्स आहे की नाही, डॉक्टरांचा नंबर. बूस्टरच्या पंधरा दिवस आधी मालकाला मेसेज जातो. रविवारी सकाळी खाली अर्धा तास बसतो, ज्यांना कुत्रा आहे ते कुत्रा घेऊन आणि ज्यांना भीती वाटते ते लांब खुर्ची टाकून. तो नऊ वर्षांचा मुलगा दोन रविवार आला, पहिल्यांदा लांबूनच बघत होता. ब्रूनोच्या मालकांनी स्वतः सगळ्यांसमोर सांगितलं की कान दुखतोय हे मला कळायला हवं होतं, चूक माझी. त्या मुलाचे वडील उठून त्यांच्याशी बोलले. जनरेटरमागची जागा साफ झालीय, माती अजून पडायची आहे, चेअरमन म्हणतात पावसाच्या आधी करू.

चौदापैकी दहा कार्डं आली. चार राहिलीत, त्यातलं एक आमच्याच विंगमधलं आहे, ते काका फोन उचलत नाहीत, उद्या सकाळी सातला ते खाली येतात तेव्हा मी जाईला घेऊन त्यांना गाठणार आहे.